भिवंडीत गोदामाचं काम: लोडर की पिकर? अंगावर नेमकं किती येतं?

कसारा_लोकल (प्रश्न)

ठेकेदारामार्फत मानकोलीच्या बाजूला दोन जागा आहेत. एक लोडरची, घरगुती मालाचे बॉक्स गाडीतून खाली करायचे. दुसरी ऑनलाइन ऑर्डरच्या गोदामात पिकरची. ठेकेदार दोन्हीबद्दल एवढंच सांगतो की माल इकडचा तिकडे करायचा. वय 26, तब्येत ठीक, आधीचं काम बसून होतं. दिवसभरात नेमकं काय करावं लागतं, वजन किती, चालणं किती, अंगाचं काय बिघडतं आणि हो म्हणण्याआधी काय विचारून घ्यावं, ते सांगा.

इनवर्ड_डेस्क

लोडरच्या कामाबद्दल पहिला प्रश्न हा विचारा: एका पाळीत किती गाड्या खाली होतात आणि एका गाडीवर माणसं किती?

हिशोब मांडतो. 32 फुटी मल्टी-ॲक्सल गाडी, आत 12 किलोचे 900 बॉक्स, म्हणजे 10,800 किलो माल. टोळी चौघांची: दोघं गाडीत, एक पॅलेटवर (माल रचायच्या चौकटीवर) थर लावणारा, एक हँड पॅलेट, म्हणजे पॅलेट उचलून नेणारी हातगाडी, ओढणारा. गाडीतले दोघं शेवटपर्यंत तेच राहिले तर प्रत्येकाच्या हातून 450 बॉक्स, म्हणजे 5.4 टन जातात, तेही अडीच-तीन तासांत. पाळीत अशा दोन गाड्या लागल्या की दुप्पट. 12 किलोचा बॉक्स कुणीही उचलतो, पण दीडशेवा बॉक्स दमवतो. चांगल्या टोळीत दर अर्ध्या तासाला जागा बदलतात. तुमच्या गोदामात तशी पद्धत आहे का, ते आधीच विचारा.

कामाचा क्रम असा. गेटवर बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालाची पावती), बिल आणि ई-वे बिल (जीएसटीचा माल वाहतुकीचा कागद) तपासलं जातं. गाडी डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या ओट्याला, लागली की चाकाखाली ठोकळे, मग सीलचा नंबर बिल्टीशी जुळवून सील तोडायचं. दार उघडताना घाई नको. प्रवासात माल पुढेमागे सरकतो आणि मागची रांग दाराला टेकून उभी असते. दाराचा एकच पल्ला आधी, तोही हळू उघडायचा आणि आपण त्या पल्ल्याच्या आडोशाला राहायचं. समोर उभं राहून दोन्ही पल्ले एकदम ओढले की वरचे बॉक्स थेट छातीवर किंवा डोक्यावर येतात.

आत माल छतापर्यंत असतो. वरून खाली, पायरी पाडत काढायचा. मधलाच बॉक्स ओढून वाट करणाऱ्याच्या अंगावर थप्पी येते. वरच्या रांगेला हात पुरत नसेल तर पायरीचा स्टूल मागा. बॉक्सवर उभं राहू नका, पुठ्ठा मधे दबतो आणि पाय मुरगळतो.

पॅलेट 1200 × 1000 मिलिमीटरचा असेल आणि बॉक्स 400 × 300 चा, तर एका थरात बरोबर 10 बसतात: चार एका दिशेने, सहा दुसऱ्या दिशेने. पुढचा थर उलटा फिरवून लावायचा, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही आणि थप्पी फाकत नाही. पाच थर म्हणजे 50 बॉक्स, 600 किलो. मोजणी अशी थराने केली की चेकरशी, म्हणजे माल मोजून घेणाऱ्याशी, वाद होत नाही. अर्धवट थर नेहमी सर्वांत वर, खाली कधीच नाही. फुटका किंवा ओला बॉक्स बाजूला ठेवून ड्रायव्हरसमोरच बिल्टीवर शेरा घ्यायचा. गाडी निघून गेल्यावर ती तूट गोदामाच्या माथी येते आणि बोलणी शेवटी लोडरला बसतात.

बिन_ते_बॉक्स

पिकरचं सांगतो, म्हणजे ऑर्डरप्रमाणे कप्प्यांतून वस्तू गोळा करणाऱ्याचं. वजन कमी, पाय जास्त. समजा तासाला 60 ओळी (ऑर्डरमधली एक वस्तू म्हणजे एक ओळ) उचलायच्या आणि दोन बिनमधलं, म्हणजे वस्तू ठेवायच्या खणांमधलं, अंतर सरासरी 20 मीटर. तासाला 1200 मीटर झाले, साडेसात तासांचे 9 किलोमीटर. सगळं कोब्यावर. शिवाय खालच्या कप्प्यासाठी वाकणं आणि वरच्यासाठी हात ताणणं, दिवसाला शेकडो वेळा.

स्कॅनर रॅक नंबर दाखवतो. रांग, रॅक, कप्पा, बिन या क्रमाने वाचायचं. आधी बिन स्कॅन, मग वस्तू, मग नग. ओळखीचा माल म्हणून बिन स्कॅन न करता वस्तू उचलली की चूक होतेच, कारण 200 ग्रॅम आणि 250 ग्रॅमचा एकाच रंगाचा पुडा शेजारी ठेवलेला असतो. मुदतीच्या मालात आधी संपणारी तारीख आधी काढायची, मागून हात घालून ताजा माल ओढायचा नाही. बिन रिकामा दिसला तर आजूबाजूला शोधत वेळ घालवू नका, स्कॅनरवर तूट नोंदवून पुढे जा.

ट्रॉलीत जड वस्तू खाली, हलक्या वर. तेलाचे कॅन, डिटर्जंटच्या 5 किलोच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या कोणत्या कप्प्यात ठेवतात ते पाहा. शहाण्या गोदामात हा माल गुडघा ते छाती या उंचीत असतो. तो जमिनीलगत किंवा डोक्यावर ठेवला असेल तर पिकरची कंबर किंवा खांदा जाणार हे धरून चाला.

टार्गेट तासाचं आहे की पाळीचं, हे नक्की विचारा. पाळीचं असेल तर पाणी-लघवीला जाऊन आलेला वेळ नंतर भरून काढता येतो. तासाचं असेल तर माणसं पाणीच कमी पितात आणि तिथून दुखणी सुरू होतात.

फिजिओ_ठाणे

बसून काम करणाऱ्या माणसाने लोडरचं काम धरलं की पहिल्या आठवड्यात मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू, कंबर आणि टाचा दुखतात. हे सवयीचं दुखणं, आराम मिळाला की उतरतं. मांडीमागून गुडघ्याखाली उतरणारी कळ किंवा पाऊल बधिर होणं वेगळं. त्यावर बाम चोळून कामावर जाऊ नका, डॉक्टरला दाखवा. पावलात जोर न राहणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्याच्या संस्थेच्या सूत्रात उचलायचं वजन 23 किलोपासून सुरू होतं, तेही सगळं अनुकूल असताना: वस्तू पोटाजवळ, कंबरेच्या उंचीला, शरीर न पिळता. वस्तू हातभर लांब गेली, जमिनीवरून उचलावी लागली किंवा उचलताना वळावं लागलं की हा आकडा झपाट्याने खाली येतो. म्हणून 12 किलोचा बॉक्सही छतालगतून पिळून काढणं हलकं नसतं. पॅलेट पाठीमागे ठेवू नका, बाजूला दोन पावलं अंतरावर ठेवा. दोन पावलं टाकावी लागली की माणूस पाय वळवतो. पॅलेट अगदी खेटून असेल तर पाय रोवून फक्त कंबर पिळतो, आणि मणक्यांमधल्या चकतीला तेच सर्वांत वाईट.

वाकताना पाठ गोल करू नका, खुब्यातून वाका, बॉक्स अंगाला लावून घ्या. कंबरपट्ट्याने दुखापत टळते असं सिद्ध झालेलं नाही. पट्टा बांधल्यावर माणूस जास्त उचलायला जातो, तो धोका वेगळाच.

मार्च ते जून पत्र्याच्या गाडीत बाहेरच्यापेक्षा खूप जास्त तापतं. दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागायची वाट न पाहता. घाम खूप जात असेल तर ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यातच, पाव लिटरमध्ये घट्ट करून नाही. लघवी गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय. उन्हाळ्यात रुजू होत असाल तर पहिल्या दिवशी गाडीतलं काम पाचव्या भागाइतकंच घ्या आणि रोज तेवढंच वाढवा. ठेकेदार मानणार नाही, तरी मागा. बोलण्यात गोंधळ झाला किंवा माणूस कोसळला तर सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन करा.

कसारा_लोकल

खूप उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. लोडरच्या जागी कधीकधी साखर-तांदळाची 50 किलोची पोतीही येतात म्हणे. आणि ठेकेदाराकडून कागद कोणते घ्यायचे?

थप्पी_टोळी

पोतं जमिनीवरून खांद्यावर एकट्याने घ्यायचं नाही. दोघांनी उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचं, हीच माथाडीची रीत आहे आणि त्याला कारण आहे: सगळा ताण त्या पहिल्या उचलण्यातच असतो. गाडीच्या फाळक्याच्या उंचीवरून पोतं थेट पाठीवर घेता येतं, म्हणून माल फाळक्यापर्यंत सरकवून आणतात. पोतं ओढायचा लोखंडी आकडा (हूक) फक्त गोणपाटाला. प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्याला लावला तर चीर लांबत जाते. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब, पोत्याचं तोंड आतल्या बाजूला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलो ही मर्यादा आहे. म्हणजे 50 किलोचं पोतं त्या टोकालाच आहे. बॉक्सचं काम म्हणून घेतलं आणि रोज पोती यायला लागली तर ते वेगळं काम झालं, दर वेगळा बोला.

माथाडी मंडळात नोंद असलेल्या टोळीची मजुरी आणि त्यावरची लेव्ही (पीएफ, बोनस वगैरेसाठीची जादा रक्कम) मालक मंडळात भरतो, 1969 च्या माथाडी कायद्याने. ठेकेदाराचा लोडर त्यात आपोआप येत नाही, हा फरक लक्षात ठेवा.

हजेरी_वही

कागदांचं: नेमणूकपत्र, 12 अंकी यूएएन (पीएफचा नंबर), ईएसआयचा (राज्य कामगार विम्याचा) 10 अंकी नंबर. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय लागू, तुमच्याकडून 0.75 टक्के कापतात. नंबर पहिल्याच आठवड्यात मागा. कामावर लागलं आणि काम थांबलं तर ईएसआयकडून मजुरीच्या 90 टक्के मिळतात, त्यासाठी आधी अमुक दिवस भरलेले असायची अट नाही. पण अपघाताची नोंद त्याच दिवशी गोदामाच्या अपघात वहीत व्हायला हवी. "घरी पडला" असं लिहून घेतलं की हक्क गेला. हजेरीचा फोटो रोज काढून ठेवा. ओव्हरटाइम दुप्पट दराने असतो, पगाराच्या चिठ्ठीवर तो वेगळा दिसायला हवा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी ज्या कंपनीचं काम चालू आहे तिच्यावर येते, म्हणून तिचं नाव नेमणूकपत्रात हवं.

इनवर्ड_डेस्क

हँड पॅलेटचं राहिलं. रिकामा हँड पॅलेटच 70-80 किलोचा असतो, त्यावर आपले 600 किलो. सुरुवातीचा झटका दोन्ही पायांच्या जोरावर द्या, एका हाताने ओढू नका. वाट दिसत असेल तर ढकलणं कंबरेला बरं. काटे पॅलेटच्या पलीकडे बाहेर आले तर मागचा पॅलेटही उचलला जातो, म्हणून आधी वाकून बघा. उतारावर भरलेला हँड पॅलेट नेऊ नका, त्याला ब्रेक नसतो. नेलाच तर खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. चाकांत स्ट्रेच फिल्म (माल गुंडाळायचं प्लॅस्टिक) आणि पट्टीचे तुकडे गुंडाळले जातात आणि तोच हँड पॅलेट दुप्पट जड लागतो. रोज सकाळी आडवा करून कटरने साफ करा. स्टीलच्या टोकाचे बूट, 200 ज्यूलचा मार झेलणारे, आयएस 15298 (भारतीय मानक) छापलेले, ठेकेदाराकडूनच मागा. एक नंबर मोठा घ्या, दुपारनंतर पाय सुजतात.