गाडी चालवणाऱ्यासाठी ३० ची मर्यादा शून्यावर आणावी का?

घाटवाट
मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. ही मर्यादा शून्य करावी असं मला वाटतं. गेल्या महिन्यात गोव्याहून आंबोली घाटानं परतत होतो. गाडी चालवणारा मावसभाऊ म्हणाला, "एकच बियर घेतलीय, मशीनमध्ये येत नाही." मागच्या सीटवर माझी दोन्ही पोरं झोपलेली. वळणं आपल्याला झेपतील का, हे त्यानं मनात आणलंच नाही. हिशेब सगळा मशीनचा. 'एवढी चालते' असं कायदाच सांगतो, म्हणून माणूस मोजत बसतो. आणि मोजतो कोण? प्यायलेलाच!

रात्रपाळी
अजिबात पटलं नाही. ३० ही आधीच कडक मर्यादा आहे. स्कॉटलंडनं डिसेंबर २०१४ मध्ये ८० ची मर्यादा ५० वर आणली. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे इंग्लंड-वेल्सशी ताडून पाहिलं, तर अपघात कमी झालेले दिसले नाहीत. मी सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्रपाळी करते. आमच्याकडे स्ट्रेचरवरून येणाऱ्या कित्येकांना स्वतःचं नावही सांगता येत नाही. त्यांनी आजचीच मर्यादा कितीतरी पटीनं ओलांडलेली असते. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये दोन तरुण इंजिनिअर गेले आणि नंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याचं प्रकरण बाहेर आलं. तिथे शून्याचा नियम असून काय उपयोग झाला असता?

घाटवाट
ताई, नमुना बदलणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी, पण म्हणून नियम सैल का ठेवायचा? स्वीडननं १९९० मध्येच मर्यादा २० वर आणली. जर्मनीत २००७ पासून नवशिक्या चालकांना शून्यच आहे.

वैद्यबुवा
शून्य म्हणताना जरा जपून. द्राक्षासव, कुमारीआसव यांत आंबवल्यामुळे अल्कोहोल असतंच. औषध घेतल्या घेतल्या मशीनमध्ये फुंकलं तर तोंडातलंच अल्कोहोल दिसेल. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तपासायची सोय ठेवा आणि २० करा, माझी हरकत नाही.

दहाचाकी
माझे दोन ट्रक आहेत. रात्री एकपर्यंत पिऊन पहाटे पाचला स्टिअरिंगवर बसलेला ड्रायव्हर मी स्वतः उतरवलाय. "मालक, झोप झाली की," म्हणत होता. झोपेनं दारू उतरत नाही, यकृत आपल्याच गतीनं काम करतं. पण पहाटे पाचला तपासणी मला क्वचितच दिसते. नाकाबंदी शनिवारी रात्री आणि ३१ डिसेंबरला. म्हणून मी रात्रपाळी ताईंच्या बाजूनं: आकडा राहू दे, तपासणी वाढवा.

रात्रपाळी
आणि त्यासाठी कायदाच बदलावा लागेल. कलम २०३ नुसार फुंकायला लावण्याआधी पोलिसाला संशयाला वाजवी कारण हवं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सनं डिसेंबर १९८२ पासून संशय असो-नसो, कुणालाही थांबवून तपासायला सुरुवात केली आणि रस्त्यावरचे मृत्यू ठळकपणे घटले. तिथे मर्यादा ५० होती, शून्य नव्हे.

घाटवाट
कलम २०३ बदलायला माझा पूर्ण पाठिंबा. पण बस, ट्रक आणि शाळेच्या व्हॅनपुरता तरी शून्याचा आग्रह मी सोडणार नाही. दहाचाकी, तुम्ही त्या ड्रायव्हरला उतरवलंत तेव्हा मशीन कुठे होतं तुमच्याकडे? वास आला, तेवढ्यावरच ना?

दहाचाकी
हो. वासावरच.