इंजिनातला गाळ: फ्लश मारायचा की चेंबर उतरवायचं?

गगनबावडा रोड:
परवा आपल्या कोल्हापूरच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपात फ्लशवर, म्हणजे इंजिन आतून धुवायला जुन्या ऑइलात ओतायच्या रसायनावर, एकानं ठोकून दिलं, "प्रत्येक ऑइल बदलाला फ्लशची बाटली मारा, पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवा, सगळा गाळ वाहून जातोय, इंजिन नवं होतंय." खाली अंगठ्यांची रांग. तिथं दोन ओळीत उत्तर देणं जमलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

माझ्या मेहुण्यानं सव्वा लाख किलोमीटर झालेली पेट्रोल गाडी घेतली. आधीच्या मालकानं ऑइल कधी बदललं, त्याचा पत्ता नाही. ऑइलचं झाकण उघडलं की आतून काळं लोणी. एका गॅरेजवाल्यानं फ्लश मारला, नवं ऑइल, नवा फिल्टर, काम खलास. तिसऱ्या दिवशी गगनबावड्याला निघाले. वाटेतल्या कळे गावाच्या अलीकडं ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. "फ्लश नवा आहे, होतंय असं" म्हणत गडी तसाच पुढं गेला. कळं ओलांडलं आणि खालून खडखडाट. बेअरिंग गेलं, क्रँकला ओरखडे.

उद्यमनगरातल्या गॅरेजात चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवलं तेव्हा मी समोर उभा होतो. ऑइल पंपाची जाळी गच्च भरलेली, बोटानं खरवडली तर पोपडे निघत होते. फ्लशनं गाळ विरघळवला नव्हता, भिंतीवरनं सोडवून खाली आणला होता. लोक म्हणतात, "फिल्टर आहे की धरायला." अरे, फिल्टर पंपाच्या पुढं असतो आणि जाळी पंपाच्या मागं. पोपडा फिल्टरपर्यंत पोचायच्या आधी जाळीवर बसतो. जाळी बुजली की पंपाला ऑइल नाही, आणि पंपाला नाही म्हणजे कुणालाच नाही.

माझं म्हणणं एवढंच: आत काय आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय फ्लश मारू नका. टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) काढा, चेंबर उतरवा, जाळी हातानं धुवा. मग चांगलं ऑइल घालून हजार-दीड हजार किलोमीटरला बदला, परत घाला, परत बदला. प्रत्येक वेळी फिल्टर नवा. ऑइलमधलंच डिटर्जंट उरलेला थर हळूहळू सोडवतं.

शिरोलीकर:
एका मेहुण्याच्या गाडीवरनं सगळ्या फ्लशला फाशी? मी बारा वर्षं दर बदलाला फ्लश मारतोय. सव्वादोन लाख किलोमीटर झाले, हेड एकदाही उघडलेलं नाही. तुमच्या मेहुण्यानं लाल दिवा दिसल्यावर गाडी बंद केली असती तर क्रँक वाचला असता. तो दोष बाटलीचा नव्हे.

गगनबावडा रोड:
दिव्याचं मान्य, तिथं तो चुकलाच. पण तुमची गाडी रोज कुठं जाते?

शिरोलीकर:
शिरोली ते कागल पंचतारांकित एमआयडीसी. जाऊन-येऊन.

गगनबावडा रोड:
म्हणजे रोज हायवेला इंजिन कडक तापतंय. ऑइलमधलं पाणी उडून जातंय, पेट्रोलचा अंश उडून जातोय. ऑइलही वेळेत बदलताय. तुमच्या इंजिनात गाळ होणारच नव्हता. स्वच्छ ताट रोज घासून "बघा, साबणानं कसं चकचकीत राहिलं" म्हणताय तुम्ही.

कळंबेकर:
हे ताटाचं पटलं. पण मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? कळंब्यातनं मुलांना शाळेत सोडायचं, तीन किलोमीटर. परत घरी, दुपारी परत तेच. मागची पेट्रोल गाडी होती, जुलै-ऑगस्टात झाकणाखाली पिवळसर पांढरी पेस्ट साचायची. गॅरेजवाला म्हणाला, गॅस्केट गेलंय, हेड उतरवू. मी नाही म्हटलं. आठवडाभर रोज संध्याकाळी हायवेला अर्धा तास फिरवली, पेस्ट गेली.
आताची डिझेल आहे, बीएस-सहा. ऑइल बदलून दोनशे किलोमीटर झाले की काळं. त्यासाठी मला फ्लश विकायला बघतात.

उद्यमनगर दुसरी पिढी:
ताई, डिझेलचं ऑइल काळं होणारच. काजळी उचलून अंगात धरून ठेवायचं त्याचं कामच आहे. काळं म्हणजे गाळ नव्हे. बोटांत चोळून बघा, गुळगुळीत पातळ असेल तर ठीक, चिकट गोळे लागले तर गाळ.
तुम्ही ऑइल मोजायची गेजची पट्टी बघा. त्या गाडीत सायलेन्सरच्या बाजूला काजळीचा फिल्टर आहे, तो स्वतःला जाळून साफ करताना जादा डिझेल मारतो. तीन किलोमीटरात ते काम अर्धवट सुटलं की डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवर पातळी चढत असेल तर आनंद मानू नका, ऑइल पातळ झालंय. आठवड्यातनं एकदा कागलपर्यंत गाडी ताणून आणा.
पेस्टचं तुमचं बरोबर होतं. फक्त रेडिएटरचं पाणी कमी होत असेल आणि वर पेस्टही असेल, तर मात्र गॅस्केट बघायलाच पाहिजे.

पेठेतला:
आमचा आबा ट्रकला रॉकेल मारायचा. चेंबरमधी रॉकेल, पाच मिनिटं चालू, सोडून द्यायचं. ते इंजिन पोराच्या लग्नापर्यंत चाललं. आता बाटल्यांचं फॅड निघालंय.

उद्यमनगर दुसरी पिढी:
माझ्या वडिलांनीही केलंय ते. पण तेव्हाचं ऑइल साधं चाळीस नंबरचं, इंजिनातल्या भागांमधल्या फटी मोठ्या, आणि वर्षातनं एकदा चेंबर खाली यायचंच. रॉकेलला अंग नसतं, बेअरिंगवर थर टिकत नाही. आजच्या टर्बोच्या गाडीत रॉकेल घालून इंजिन चालू करणाऱ्याला वडील स्वतः दुकानातनं हाकलतात.
आणि गगनबावडावाल्यांना पण सांगतो, चेंबर उतरवा म्हणणं सोपं आहे. काही गाड्यांत खालची क्रॉसमेंबर सोडवावी लागते, अर्धा दिवस जातो, त्याची मजुरी द्यायला गिऱ्हाईक रडतंय. थोडासाच तपकिरी थर असेल, रिंगा चिकटून ऑइल खात असेल, तर चांगल्या कंपनीचा फ्लश उपयोगी पडतो. मी स्वतः मारतो. गाडी जागेवर उभी, रेस द्यायची नाही, बाटलीवर लिहिलंय तेवढीच मिनिटं, आणि गरम असतानाच पूर्ण निथळायचं.

शाहूपुरी कुंभार गल्ली:
फ्लशला शिव्या देणाऱ्यांना एक विचारतो. २०१९ च्या पुरात काय करायचं होतं आम्ही? पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेलेली, धोका पातळी ४३ फूट. गाडी दारात, पाणी बॉनेटपर्यंत. ओसरल्यावर मी चावी फिरवली नाही. ओढून नेली, ऑइल सोडलं तर कॉफीसारखं आलं. प्लग काढून इंजिन हातानं फिरवलं, मग स्वस्तातलं ऑइल घालून थोडं चालवून सोडलं, असं तीनदा. चौथ्यांदा स्वच्छ आलं. तो पण फ्लशच होता. त्यानं गाडी वाचली.

पेठेतला:
आणि मग विकली आसंल. मी २०२० ला घेतली तसलीच एक. "मॅडमनी वापरलीय, फक्त बाजारला." स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेला चिखल, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर गाळाची रेघ. दोन महिन्यांत वायरिंग, सहाव्या महिन्यात इंजिन. पावणेदोन लाख गेले माझे. तुमच्यासारख्यांनी पुराच्या गाड्या धुऊन आमच्या गळ्यात मारल्या.

शाहूपुरी कुंभार गल्ली:
तोंड सांभाळून. गाडी अजून माझ्या दारात आहे, २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा आदल्या रात्रीच कळंब्याला नेऊन लावली. घरात चार फूट पाणी होतं आमच्या. आईला होडीतनं काढलं. तुम्ही पेठेत कोरड्यात बसून आम्हाला चोर म्हणताय?

पेठेतला:
कोरड्यात? हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, आम्ही पण तेच दिवस काढले. मी डीलरबद्दल बोललो.

शाहूपुरी कुंभार गल्ली:
"तुमच्यासारख्यांनी" असं लिहिलंय तुम्ही. वर जाऊन वाचा.

शिरोलीकर:
विम्याचं कुणी बोलत नाही. माझ्या साडूनं पाण्यातच स्टार्टर मारला, पिस्टनवर पाणी, कनेक्टिंग रॉड वाकला. कंपनी म्हणाली, इंजिन संरक्षणाचं जादा कव्हर घेतलेलं नाही. एक पैसा मिळाला नाही. नदी ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की गाडी हलवायची, बाकी सगळं नंतर.

कळंबेकर:
पुराच्या काठच्या लोकांनी ते जादा कव्हर घ्यावंच. आणि पेठेतल्या दादांनी माफी मागावी, होडीतनं आईला काढणं सोपं नसतं.

पेठेतला:
बरं, "तुमच्यासारख्यांनी" हे चुकलं. राग डीलरवरचा हाय, तुमच्यावर निघाला. पण गाडी विकताना पुराचं सांगायचं नाही ही फसवणूकच, त्यावर मी मागं हटणार नाही.

शाहूपुरी कुंभार गल्ली:
त्यावर माझंही दुमत नाही.

गगनबावडा रोड:
पुराची गोष्ट वेगळी, तिथं पाणी काढायचं असतं, चिकटलेला थर नाही. साध्या ऑइलनं धुणं मला मान्यच आहे, मी लिहिलेला उपाय त्याच जातीचा. माझा राग बाटलीतल्या रसायनावर, तेही न बघता ओतण्यावर.
आणि गाळ दर वेळी मालकाच्या आळसानंच होतो असंही नाही. १९९७ ते २००२ च्या काही टोयोटा इंजिनांत अमेरिकेत इतका गाळ व्हायला लागला की २००२ मध्ये कंपनीनं पहिल्या विक्रीपासून आठ वर्षं दुरुस्ती स्वतःकडं घेतली. म्हणून म्हणतो, उघडून बघा.

शिरोलीकर:
उद्यमनगरवाले मारतात म्हटल्यावर तुमचा "मारूच नका" उरला नाही, "बघून मारा" झालं. तेवढ्यावर मी येतो. पुढच्या बदलाला टॅपेट कव्हर काढून टॉर्च मारतो. स्वच्छ निघालं तर बाटली बंद. पण गॅस्केटचा खर्च तुमच्या नावावर.

उद्यमनगर दुसरी पिढी:
कव्हरचं गॅस्केट आधी आणून ठेवा, जुनं परत बसवू नका, पाझरतं. आणि ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणारा, व्हॉल्व्ह काढून हलवून बघा. खुळखुळला नाही तर तो बदला, नाहीतर कितीही धुतलं तरी वाफ आतच कोंडून परत तोच गाळ.