मदत हवी आहे: होची मिन्हहून सिएम रीप, बसने की विमानाने?

नमस्कार मंडळी. जानेवारीत आई-बाबांना घेऊन व्हिएतनाम आणि कंबोडियाला जातोय. मुंबईहून जाणं-येणं होची मिन्हहूनच, म्हणून व्हिएतनामचा मल्टिपल एंट्री ई-व्हिसा काढणार. सिएम रीपजवळच्या अंगकोर वाट मंदिराच्या भिंतीवर कोरलेलं समुद्रमंथन, जवळपास ४९ मीटर लांबीचं, आईला डोळे भरून बघायचंय. गेली कित्येक वर्षं तिच्या तोंडी तेच आहे.

अडलंय ते मधल्या प्रवासावर. विमान तासाभरात सिएम रीपला पोचवतं, पण तिघांचं भाडं बरंच होतं, आणि २०२३ मध्ये सुरू झालेला नवा विमानतळ गावापासून लांब. बसने मोक बाई-बावेत सीमेवरून कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह, तिथे मुक्काम करून पुढे सिएम रीप. बाबांचे गुडघे दुखतात, सीमेवर सामान घेऊन कितपत चालावं लागतं?

बसवाले सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतात म्हणे. आई-बाबांचे पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात द्यायला माझा जीव होत नाही. आपण स्वतः खिडकीवर गेलं तर चालतं का? कंबोडियाचा ई-व्हिसा आधीच काढलेला बरा ना?

ज्येष्ठांना घेऊन या रस्त्याने कुणी गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. तिकिटं याच आठवड्यात काढायची आहेत.