अमेरिकेत ब्लेंडरच्या पेटंटची चौकशी लागली, वाळूजच्या मोल्डिंगवाल्यानं काय करावं?

वाळूज_मोल्डिंग

राम राम मंडळी. वाळूज एमआयडीसीत माझं छोटं मोल्डिंगचं शेड आहे. ऑटोचं काम ढिलं पडलं तेव्हापासून घरगुती उपकरणांचे पार्ट काढायलो. पुण्याची एक पार्टी अमेरिकेतल्या ब्रँडसाठी ब्लेंडर जुळवून पाठवते, त्याच्या जारच्या झाकणाचं लॉक माझ्याकडून जातं. नायलॉनमध्ये काचतंतू मिसळलेलं मटेरियल, वरून एक पात्यासारखी जीभ. झाकण पक्कं बसल्याशिवाय मोटर चालूच होऊ नये, हे तिचं काम. ड्रॉइंग त्यांचं, मोल्डचे पैसे त्यांचे, मोल्ड मात्र माझ्या शेडात.

आता त्यांच्या परचेसवाल्याचा फोन आला, की तिकडं आयटीसीत कलम ३३७ ची केस लागलीय आणि आपला ब्लेंडर त्यात आहे. मागून मेल. ड्रॉइंगच्या सगळ्या रिव्हिजन पाठवा, मोल्डच्या पहिल्या ट्रायलचा रिपोर्ट पाठवा, आणि सोबतचा नवीन पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, सही करून पाठवा. पीओ वाचला तर खाली बारीक अक्षरात एक कलम घुसवलंय. पेटंटवरून होणारं सगळं नुकसान, वकिलाची फी, बंदरात अडकलेला माल, सगळं व्हेंडर भरणार. व्हेंडर म्हणजे मी! पार्टला सुट्टे पैसे मिळतात अन् हे म्हणायलेत अमेरिकेतल्या वकिलाची फी भर.

माझा माल खरंच अडकतो का? सही नाही केली तर काम जातं, केली तर शेड जातं, असं झालंय. कोणाला यातलं कळत असेल तर सांगा. सीएला विचारलं, तो म्हणाला हे जीएसटीत बसत नाही.

जालन्याचा_भाऊ

दादा, कशाला टेन्शन घ्यायलात? अमेरिकेचं पेटंट वाळूजला लागू आहे का? नाही. विषय संपला. मेल डिलीट मारा, जुने ड्रॉइंग फाडून टाका, कामाला लागा.

न्हावाशेवा_काका

जालनेकर, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे आणि बाकीचं सगळं महागात पडणारं. वाळूजवाले, एकही कागद फाडू नका. का ते पुढं सांगतो. मी मूळचा पैठणचा, आयुष्य कस्टम हाउस एजंटच्या धंद्यात गेलं. माळीवाड्याच्या डेपोतून निघालेले कंटेनर आमच्याकडं यायचे, त्यामुळे तुमच्याकडच्या मालाची बऱ्यापैकी ओळख आहे.

तर ही सिगारेटवाली आयटीसी नव्हे. अमेरिकेचा आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग, वॉशिंग्टनचा. कलम ३३७ हे त्यांच्या १९३० च्या टॅरिफ कायद्यातलं. आयोग पेटंटवाल्याला एक डॉलरही भरपाई मिळवून देत नाही. भरपाई हवी तर तिथल्या जिल्हा न्यायालयात वेगळा दावा लावावा लागतो. आयोगाचं मुख्य हत्यार म्हणजे माल देशात येऊ द्यायचा नाही. तक्रारदाराला मात्र दाखवावं लागतं, की त्या पेटंटवर अमेरिकेत आपला खरा उद्योग आहे. नुसतं पेटंट फ्रेम करून भिंतीला लावलेला माणूस तिथं टिकत नाही.

आधी नोटीस शोधा. तक्रार आली की साधारण तीस दिवसांत आयोग चौकशी लावायची का ते ठरवतो, आणि लावली तर ते फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे तिथल्या राजपत्रात, छापून येतं. कोणती पेटंटं, त्यातले कोणते दावे (पेटंटचा हक्क ज्या वाक्यांत लिहिलेला असतो ती), कोणत्या प्रकारचा माल आणि प्रतिवादी कोण, नावपत्त्यासकट. परचेसवाल्याच्या तोंडी माहितीवर विसंबू नका. त्यात आपलं नाव आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. छोट्याला कोण विचारतो, असं धरू नका. २०१७ मध्ये आयरोबोट कंपनीनं घरात फिरून झाडणाऱ्या रोबोट व्हॅक्यूमवरून तक्रार केली तेव्हा हूवर, बिसेल, ब्लॅक अँड डेकर हे ब्रँड तर होतेच, पण त्यांच्यासाठी माल बनवणारे चीनचे आणि तैवानचे कारखानेही प्रतिवादी होते.

नाव असेल तर नोटीस बजावल्यापासून साधारण वीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गप्प बसलात तर तक्रारीतलं सगळं खरं धरून तुमच्याविरुद्ध आदेश निघू शकतो. ‘अमेरिकेचं पेटंट इथं लागत नाही’ म्हणणारे नेमके इथं अडकतात. पेटंट इथं लागत नाही, पण माल तिथं उतरतो ना!

नाव नसेल तर बंदी कोणत्या जातीची मागितलीय ते बघा. मर्यादित बंदी म्हणजे एकाच्या सातबाऱ्यावर चढलेला बोजा, ज्याचं नाव त्याच्याच मालाला. सर्वसाधारण बंदी म्हणजे अख्ख्या शिवारावर चढलेला, कोणाचाही असला तरी तसला माल आत नाही. दुसरी सहजी मिळत नाही. मालाचा उगम सापडत नाही, किंवा नावं बदलून बंदी चुकवली जाईल, असं काहीतरी दाखवावं लागतं. २००८ मध्ये क्योसेराच्या खटल्यात तिथल्या फेडरल सर्किट न्यायालयानं सांगितलं, की चिप बनवणारा प्रतिवादी असेल आणि ती चिप वापरणारा फोनवाला नसेल, तर मर्यादित बंदीनं फोनवाल्याचा माल अडवता येणार नाही. तुमचं प्रकरण बरोबर उलटं आहे. प्रतिवादी ब्लेंडरवाला, सुटा पार्ट तुमचा. त्याचा ब्लेंडर अडला की तुमचं लॉक त्याच्याबरोबर गोदामात. म्हणजे कस्टम्स तुमचा माल अडवत नाही, तुमची ऑर्डर अडवते.

घाबरायला वेळ आहे तसा. अशी चौकशी बहुधा सोळा-अठरा महिने चालते. बंदीचा आदेश निघाला तरी साठ दिवस राष्ट्राध्यक्षांकडं फेरविचाराला असतो, तोवर बॉण्ड, म्हणजे हमीची रक्कम, भरून माल येत राहतो. ओबामांच्या काळात ऑगस्ट २०१३ मध्ये सॅमसंगच्या तक्रारीवरून जुन्या आयफोनवर आलेली बंदी अशीच रद्द झाली, पण त्याआधी असं १९८७ मध्ये घडलं होतं. त्यावर आशा लावू नका. तक्रारदार हरूही शकतो. व्हर्लपूलनं २००८ मध्ये एलजीच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या यंत्रणेवरून तक्रार केली होती, आयोगाला शेवटी उल्लंघन दिसलं नाही.

आता कागद का फाडायचे नाहीत. तो ट्रायल रिपोर्ट, तारखेसकटचं ड्रॉइंग, ही तुमची ढाल आहे. डिझाइन कोणी दिलं, कधी दिलं, तुम्ही फक्त ड्रॉइंगबरहुकूम पार्ट काढला, हे त्यावरूनच ठरतं.

आणि पीओवर सही करू नका. आयोगापेक्षा मला त्या बारीक अक्षरांची भीती जास्त वाटते.

टूलरूमवाली_ते_पेटंट

काकांना दुजोरा. मी चिकलठाण्यात टूल डिझाइन करायचे, आता पेटंट एजंट आहे. दोन गोष्टी जोडते.

त्या पेटंटांचे नंबर मागा आणि गूगल पेटंट्सवर पहिला दावा वाचा. चित्रं आणि वर्णन बघून घाबरू नका, हक्क असतो तो दाव्याच्या शब्दांत. बहुतेक वेळा दावा अख्ख्या जोडणीचा असतो: जार, पातं, मोटर, झाकण आणि झाकण ओळखणारा स्विच, हे सगळं एकत्र. यातलं एक जरी कमी असेल तर शब्दशः उल्लंघन होत नाही, आणि तुमच्या एकट्या लॉकमध्ये तर हे सगळं नाहीच. तरी अमेरिकी कायद्यात हातभार लावल्याचीही जबाबदारी असते. पार्ट मुद्दाम त्याच जोडणीसाठी बनवलेला असेल, दुसरीकडं कामाचा नसेल आणि बनवणाऱ्याला पेटंट माहीत असेल, तर. तुमचं लॉक दुसऱ्या कोणाच्या जारला बसतं का? हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणार.

दुसरी, तुमच्या पार्टीचे वकील डिझाइन बदलायचं बघत असणार. ॲपल वॉचवर डिसेंबर २०२३ मध्ये मासिमोच्या पेटंटवरून बंदी लागू झाली, तेव्हा जानेवारी २०२४ पासून रक्तातला ऑक्सिजन मोजायची सोय बंद करून घड्याळ तिथं विकलं जाऊ लागलं. तुमच्या बाबतीत तेच काम मोल्डचा इन्सर्ट, म्हणजे आत बसवलेला सुटा तुकडा, बदलून होऊ शकतं. जीभ दुसऱ्या बाजूला घ्यायची तर कोअर बाजूचा इन्सर्ट पुरतो का, की स्लायडर (मोल्डमधला बाजूनं सरकणारा भाग) लागेल, हे टूलरूमला आत्ताच विचारून ठेवा. पार्टी कलम घेऊन भांडायला आली तर तुम्ही बदललेल्या पार्टचा भाव घेऊन बसा.

पीओतल्या त्या कलमाचं म्हणाल तर भारतीय करार कायदा १८७२, कलम १२४ आणि १२५, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून द्यायचं वचन. सही केली की ते वचन इथल्याच न्यायालयात वसूल होतं, त्याला अमेरिकेचा काही संबंध लागत नाही. उलटं कलम लिहून पाठवा: डिझाइन खरेदीदारानं दिलं आहे, त्यामुळे त्या डिझाइनवरून उद्भवणारे पेटंटचे दावे खरेदीदाराचे, आणि व्हेंडरनं परवानगीशिवाय केलेल्या बदलांपुरती जबाबदारी व्हेंडरची. वकिलाकडून भाषा घासूनपुसून घ्या.

वाळूज_मोल्डिंग

काका, ताई, लै उपकार झाले. पोरानं नोटीस काढून दिली. माझं नाव नाही, पुण्याच्या पार्टीचं आहे. बंदी मर्यादितच मागितलीय. दोन पेटंटं आहेत, एक मोटर थंड ठेवायच्या पंख्याचं, दुसरं झाकणाचं. झाकणाच्या पहिल्या दाव्यात स्प्रिंग आहे, आमच्या लॉकमध्ये स्प्रिंग नाही, जीभच वाकते. हे पार्टीला सांगितलं तर परचेसवाला म्हणाला, ‘तुम्ही वकील कधीपासून झालात?’

एक अजून विचारतो. लातूरला माझ्या साडूनं कूलरच्या पाण्याच्या पंपात काहीतरी नवीन केलंय, पेटंटही मिळालंय. आता बाहेरून तसलाच पंप येऊ लागलाय. आपल्या कस्टम्सला सांगून तो अडवता येत नाही का, अमेरिकेसारखा?

टूलरूमवाली_ते_पेटंट

पेटंटवरून नाही. २००७ चे आयात मालासाठीचे बौद्धिक संपदा नियम आहेत, त्यात आधी पेटंटही होतं. मदुराईच्या एका संशोधकानं दोन सिमच्या फोनचं पेटंट कस्टम्सकडं नोंदवलं आणि २००९ मध्ये आयात फोन अडायला लागले. मग २०१२ मध्ये अपील मंडळानं ते पेटंटच रद्द केलं. उल्लंघन झालं की नाही हे बंदरावरच्या अधिकाऱ्यानं पेटी उघडून कसं ठरवायचं, हा प्रश्न तिथं उघडा पडला. जून २०१८ मध्ये पेटंट त्या नियमांतून काढलं. ट्रेडमार्क, कॉपीराइट, डिझाइन, भौगोलिक संकेत राहिले.

साडूंना न्यायालयात जावं लागेल, पेटंट कायद्याच्या कलम १०४ नुसार जिल्हा न्यायालयाच्या खाली नाही. समोरच्यानं पेटंट रद्द करा अशी उलट मागणी केली की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. तिथून आयातीवर मनाई मिळते. डिसेंबर २०१४ मध्ये एरिक्सनच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयानं शाओमीच्या फोनची आयात-विक्री थांबवली होती. पंपाच्या बाहेरच्या आकाराचं डिझाइन नोंदवलेलं असेल तर ते कस्टम्सकडं देता येतं. नोंदवलं नसेल आणि पंप बाजारात आला असेल, तर ती वेळ गेली. आणि कोणी अँटी डंपिंगचा सल्ला दिला तर तो भावाचा मामला आहे, नकलेचा नाही.

न्हावाशेवा_काका

परचेसवाल्याशी वाद घालू नका, तो निरोप्या आहे. स्प्रिंगचा मुद्दा तोंडी सोडून द्या, मेलवर तर अजिबात लिहू नका, वकिलातर्फे त्यांच्या वकिलाकडं जाऊ द्या. पार्टीची ड्रॉइंगं पार्टीला परत द्यायला हरकत नाही, पण तुमची मोल्डची ड्रॉइंगं आणि सायकल टाइमचे (एक पार्ट काढायला लागणाऱ्या वेळेचे) कागद जाताना ‘गोपनीय’ शिक्का मारून आणि पोच घेऊन. आयोगाच्या संरक्षण आदेशाखाली तसली कागदपत्रं बाहेरच्या वकिलांपुरती ठेवता येतात, समोरच्या कंपनीच्या माणसांना दिसत नाहीत. शिक्का आधी मारावा लागतो मात्र.

वाळूज_मोल्डिंग

वकील बघितलाय, खंडपीठात बसतो. ट्रायल रिपोर्टवर तारीख आहे पण सही पार्टीच्या माणसाची नाही, फक्त आमच्या सुपरवायझरची. चालेल का?

न्हावाशेवा_काका

एकट्यानं कमजोर. त्या दिवशीचं शॉट रजिस्टर (मशीनवर काढलेल्या पार्टची नोंदवही), मटेरियलचं बिल आणि सॅम्पल पाठवल्याचं चलन काढा. चलनावर पार्टीच्या गेटचा शिक्का असेल.

वाळूज_मोल्डिंग

आहे. चलन सापडलं.