कान्हेरीची वरची, गवतात गेलेली लेणी नीट बघायची आहेत, कोणी सांगेल का?

बोरिवलीची_लेक:
मी बोरिवलीतच वाढले, शाळेच्या ट्रिपला दोनदा कान्हेरीला गेले पण दोन्ही वेळा तीन नंबरचा चैत्य (प्रार्थनेचं लेणं), तो वीस फुटांहून उंच बुद्ध, ग्रुप फोटो, डबे खाल्ले की परत. मागच्या रविवारी बाबांना घेऊन गेले आणि सहज वरच्या पायऱ्या चढलो तर कमरेएवढं गवत, त्यात मधेच एक दार, आत झोपायचा दगडी ओटा, बाहेर शेवाळलेलं पाण्याचं टाकं. बाबा ओट्यावर हात ठेवून म्हणाले, "इथं माणसं राहायची गं." तेवढंच, पण तेव्हापासून माझ्या डोक्यातून ती जागा जात नाहीये. पुन्हा जायचंय, या वेळी नीट. काय चुकवू नये? बाबा ६८ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात.

कातळवेडा:
ताई, लेणी ज्याच्या आत आहेत ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (पार्क) सोमवारी बंद असतं, तो वार टाळा, आणि गेट उघडल्या उघडल्या पोचा. गेटपासून लेण्यांपर्यंत बसने जा, बाबांची चाल वरच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. ३४ नंबरमध्ये छतावर बुद्धाचं अर्धवट राहिलेलं चित्र आहे, मान वर करून शांतपणे बघा, फ्लॅश अजिबात नको. ४१ मध्ये अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर (करुणेचा बोधिसत्त्व). आणि ९० मध्ये पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ साली पारशी लोक येऊन आपली नावं कोरून गेले ते. पावसाळ्यात कातळ फार निसरडा होतो, काठी घ्या, आणि वाट सोडून गवतात शिरू नका, साप असतात आणि बिबट्याचं जंगल आहे.

टाक्याकाठी:
वरच्यांनी मूर्ती नि चित्रं सांगितली, मी पाण्याचं सांगते कारण माझा जीव त्यातच अडकलाय. जवळपास प्रत्येक विहाराला (भिक्षूंच्या राहायच्या लेण्याला) स्वतःचं टाकं आहे. पाऊस चालू असताना जाऊन बघा, दाराच्या वर आणि बाजूला कातळात बारीक पन्हळी खोदल्यात, डोंगरावरचं पाणी त्यातून वळत वळत बरोबर टाक्यात उतरतं, आत लेण्यात फारसं शिरत नाही. चार महिने धो धो आणि पुढचे आठ महिने कोरडे, म्हणून ही सगळी मेहनत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय, आणि कल्याण, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी लेणं दान देताना पोढी पण दान दिल्याचं कोरून ठेवलंय, म्हणजे नुसती खोली देऊन भागत नाही, पाणी दिलं तरच तिथे माणूस राहील हे देणाऱ्याला कळत होतं. आज त्याच टाक्यांत लोक वेफर्सची पाकिटं टाकतात, बघून पोटात तुटतं. मी दर वेळी एक पिशवी नेते, काठावरून हाताला येईल तेवढं उचलते.

मागाठाण्याचा:
बोरिवलीच्या आहात तर मागाठाण्याची लेणी बघितलीत का? तीही बौद्धच, पण चारी बाजूंनी घरं आलीत, झाडांच्या मुळ्या छतातून उतरल्यात, कोरीवकाम झिजून गेलंय. कान्हेरीच्या एका शिलालेखात 'मंगलस्थान' गावातलं शेत लेण्याला दान दिल्याचं आहे, ते मंगलस्थान म्हणजेच आपलं मागाठाणं असं अभ्यासक मानतात. त्या शेतावर वरचे भिक्षू जेवले असतील. मी रोज तिथून स्टेशनला जातो आणि रोज हे आठवतं. जाल तेव्हा आधी आजूबाजूच्या लोकांना विचारा, त्यांच्या दारातूनच वाट आहे.

बोरिवलीची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. ते पोढीचं बाबांना वाचून दाखवलं, तर म्हणाले गावी आमच्या विहिरीवरही बांधून देणाऱ्याचं नाव होतं. येत्या शनिवारी जातोय, आधी मागाठाणं, मग कान्हेरी. टाक्याकाठी, किती मोठी पिशवी नेऊ?

टाक्याकाठी:
गोणपाटाची ने, प्लास्टिकची काट्यात फाटते. आणि हातमोजे.