शिफारसपत्रात 'लॉजिकल'खेरीज कोणती इंग्रजी विशेषणे योग्य ठरतील?

प्रश्न (देवगड)

नमस्कार. मी देवगड तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. बारावीनंतर बाहेर शिकायला जाणाऱ्या एका विद्यार्थिनीसाठी मला इंग्रजीतून शिफारसपत्र लिहायचे आहे. हापूसमध्ये साका (पिकलेल्या फळाच्या गरात आढळणारा पांढरट, स्पंजासारखा दोष) का होतो, या विषयावर तिने प्रकल्प केला. एकाच झाडावरून एकाच दिवशी झेल्याने उतरवलेल्या फळांपैकी निम्मी तिने तापलेल्या कातळावर आणि निम्मी सावलीत पेंढ्यावर ठेवली, आढीत पिकल्यावर प्रत्येक फळ कापून नोंद केली आणि निष्कर्षात हे निरीक्षण आमच्या बागेपुरतेच आहे, असे स्वतःहून लिहिले. तिच्या विचारांची ही शिस्त पत्रात नेमकेपणाने उतरावी अशी माझी इच्छा आहे. परंतु शब्दकोशात रॅशनल, रीझनेबल, अॅनालिटिकल, कोजंट, साउंड या सर्वांपुढे जवळजवळ एकच अर्थ दिलेला दिसतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (रत्नागिरी, निवृत्त इंग्रजी प्राध्यापक)

ताई, विशेषण माणसाला लावायचे आहे की त्याच्या युक्तिवादाला, हे आधी ठरवावे, म्हणजे निम्मा गोंधळ मिटतो. अॅनालिटिकल आणि मेथॉडिकल हे शब्द व्यक्तीला सहज लागतात. कोजंट मात्र युक्तिवादालाच शोभतो. त्याचे मूळ एकत्र हाकणे किंवा भाग पाडणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे, म्हणून ऐकणाऱ्याला मान्य करायला लावणारे मुद्दे कोजंट ठरतात. विद्यार्थिनीला कोजंट म्हटल्यास वाचणाऱ्याला खटकेल. तिचे विवेचन कोजंट आहे, असे लिहिता येईल.

व्हॅलिड आणि साउंड यांतील भेद तर्कशास्त्रात अगदी काटेकोर आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. सर्व मासे अंडी घालतात, मोरी हा मासा आहे, म्हणून मोरी अंडी घालते, हे अनुमान व्हॅलिड आहे, कारण दोन्ही विधाने खरी मानली तर निष्कर्ष टाळता येत नाही. तरीही ते साउंड नाही, कारण पहिले विधानच खोटे आहे: आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या मोरीच्या काही जाती थेट पिल्लांना जन्म देतात, हे बंदरावर मासळी साफ करणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. अनुमानाची रीत निर्दोष आणि आधारविधानेही खरी, असे दोन्ही असेल तरच तर्कशास्त्र त्याला साउंड म्हणते. तर्कशास्त्राबाहेर साउंड हा शब्द भक्कम, विश्वासार्ह अशा सैल अर्थानेही चालतो आणि 'साउंड जजमेंट' हा प्रयोग शिफारसपत्रांत रूढ आहे. लॉजिकल हा शब्द मात्र विचारांच्या सुसंगतीबद्दल बोलतो, आधार तपासल्याबद्दल नव्हे. आपल्या विद्यार्थिनीने आधारच तपासून पाहिला, त्यामुळे तिच्यासाठी तो शब्द मला अपुरा वाटतो.

उत्तर (दापोली, वकील)

सरांच्या विवेचनाला रॅशनल आणि रीझनेबल यांची जोड देतो. दोन्ही शब्द लॅटिनमधील 'रॅशिओ'पासून आलेले असले तरी त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. रॅशनल म्हणजे बुद्धीला प्रमाण मानणारा. आमच्या तालुक्यातील मुर्डीचे रँग्लर र. पु. परांजपे याच अर्थाने रॅशनॅलिस्ट म्हणून ओळखले जात. अर्थशास्त्रात मात्र स्वतःच्या उद्दिष्टांशी सुसंगत निवड करणारा तो रॅशनल, एवढाच मर्यादित अर्थ घेतात. रीझनेबलमध्ये इतरांचा विचार आणि प्रमाणाचे भान अंतर्भूत असते. पावसाळी बंदी उठल्यावर जास्तीत जास्त मासळी ओढून नेणारा नौकामालक त्या मर्यादित अर्थाने रॅशनल ठरू शकेल, परंतु पारंपरिक मच्छीमारांचा वाटा तो लक्षात घेत नसेल तर त्याला कोणी रीझनेबल म्हणणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये स्वातंत्र्यांवरील निर्बंध रीझनेबल असावेत असे म्हटले आहे. भाषणस्वातंत्र्याच्या कलमात हा शब्द १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने आला आणि तेव्हापासून न्यायालये निर्बंधांचे प्रमाण तपासण्यासाठी त्याचा आधार घेत आली आहेत. शिफारसपत्रात 'ती रीझनेबल आहे' असे लिहिले तर ती बरी आहे, समजूतदार आहे, एवढाच बोध होईल. बुद्धीची प्रशंसा पोहोचणार नाही.

उत्तर (मालवण)

एक सावधगिरीची सूचना. कॅल्क्युलेटिंग हा शब्द हिशोबीपणाची स्तुती म्हणून कृपया वापरू नये. माणसाला लावल्यावर त्यातून स्वार्थी, डावपेची असा अर्थ निघतो. प्रकल्पाच्या पद्धतीसाठी एम्पिरिकल, म्हणजे प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेली, हा शब्द चपखल आहे. विशेषणे एकापुढे एक रचण्यापेक्षा एक विशेषण आणि लगेच त्याचा पुरावा द्यावा, असे मला मनापासून वाटते. कातळ आणि पेंढा यांची तुलना दोन वाक्यांत सांगितली, तर तिच्याआधी आलेला मेथॉडिकल हा शब्द वाचणाऱ्याला पटेल.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिच्यासाठी मेथॉडिकल आणि तिच्या पद्धतीसाठी एम्पिरिकल हे निश्चित केले. निष्कर्ष आपल्या बागेपुरता ठेवण्याचा जो संयम तिने दाखवला, त्याला कॉशस म्हणावे का?

उत्तर (रत्नागिरी)

कॉशसमध्ये धोका टाळण्याची, क्वचित भित्रेपणाचीही छटा येते आणि तिने तर धोका टाळलेला नाही. पुरावा जिथवर नेतो तिथवर ती गेली आणि तिथे थांबली. अशा विवेकासाठी ज्युडिशस हा शब्द आहे. तो व्यक्तीलाही लागतो आणि निर्णयालाही, त्यामुळे पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात तो निःशंकपणे लिहावा.