मदत हवी आहे: मोबाईलला जोडायचा ओबीडी स्कॅनर (गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) कोणता घेऊ?
नमस्कार मंडळी, मी इंदूरला असतो, गाडी २०१५ ची पेट्रोल. परवा उज्जैनहून येताना चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, गॅरेजवाल्याने ५०० रुपये घेऊन पी०१७१ कोड (म्हणजे इंजिनात इंधनाच्या मानाने हवा जास्त) काढला, पुसला, आणि पलासियाला पोचेपर्यंत दिवा परत लागला, आई शेजारी बसलेली, ती पार घाबरली. म्हणून आता स्वतःचाच स्कॅनर घेतो. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट सापडलंय, पण माझा अँड्रॉइड आणि बायकोचा आयफोन, जुनं ब्लूटूथवालं आयफोनला चालत नाही, मग वायफायचं घेऊ की ब्लूटूथ ४.० चं? स्वस्त ईएलएम ३२७ च्या (या स्कॅनरमधली चिप) नकला खूप आहेत, भीती तीच. नुसता कोड नकोय, चालत्या गाडीत फ्युएल ट्रिम (इंजिन इंधन किती कमी-जास्त करतंय तो आकडा) बघायचंय, हवा कुठून ओढतेय ते तरी कळेल. ॲप टॉर्क बरं की कार स्कॅनर? वापरलं असेल त्यांनी प्लीज सांगा.